ग्रोव्हनरांना लंडन विल्यमने दिलं नाही

वेस्टमिन्स्टरचे सातवे ड्यूक ह्यू ग्रोव्हनर यांचं जून २०२४ मध्ये चेस्टरच्या कॅथीड्रलमध्ये लग्न झालं. युवराज विल्यम त्या लग्नात आल्यागेल्याची व्यवस्था पाहत होते. इंग्लंडात अशी कुठलीही बातमी आली, की दर वेळी एक जुना मजकूर नव्या फोटोसह फिरू लागतो. तो आता मराठीतही आला आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: १०६६ साली विल्यम राजाने इंग्लंड जिंकलं आणि आपल्या शिकारी मित्राला लंडनची जमीन बक्षीस दिली. तेव्हापासून हे घराणं हजार वर्षं ड्यूक आहे, निम्मं लंडन त्यांचं आहे, त्यांच्यात राजरक्त आहे, ते एक पैसाही कर भरत नाहीत, त्र्यंबकेश्वरचा हिरा त्यांनीच लुटला आणि तो आजही त्यांच्याकडेच आहे, आणि किताब व जमीन दोन्ही पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याकडेच राहणार.

यातलं सगळंच खोटं असतं तर उत्तर द्यायला सोपं गेलं असतं. काही मुद्दे अर्धे खरे आहेत, आणि मूळ गोष्ट तर खुद्द घराण्यानेच शतकानुशतकं सांगितलेली आहे. २०१६ मध्ये वारलेले सहावे ड्यूक जेराल्ड यांच्या नावावर एक विनोदही सांगतात. तरुण उद्योजकांना काय सल्ला द्याल, असं विचारल्यावर ते म्हणाले म्हणे, की आपला एखादा पूर्वज विल्यम राजाचा जिवलग मित्र असेल याची खबरदारी घ्या. विनोद छान आहे, इतिहास म्हणून मात्र निकामी.

आधी जमिनीचं पाहू, कारण बाकी डोलारा तिच्यावरच उभा आहे. आज ज्याला मेफेअर आणि बेलग्रेव्हिया म्हणतात तो भाग एबरी नावाच्या जुन्या मौज्यात होता. विल्यमने १०८६ मध्ये जमिनींची मोजदाद करून घेतली, तिचं दप्तर म्हणजे डूम्सडे बुक. त्यात हा मौजा जेफ्री द मँडव्हिल या नॉर्मन सरदाराच्या नावावर आहे. म्हणजे विल्यमच्या माणसाला ही जमीन मिळाली हे खरं, पण तो माणूस ग्रोव्हनर नव्हता. मँडव्हिलने ती वेस्टमिन्स्टरच्या मठाला दिली आणि पुढची चार शतकं ती मठाकडेच राहिली. १५३६ मध्ये आठव्या हेन्रीने ती राजाकडे घेतली. पहिल्या जेम्सला पैशाची चणचण होती, त्याने ती १६२३ मध्ये विकून टाकली. तीन वर्षांनी ह्यू ऑडली नावाच्या माणसाने ती ९,४०० पौंडांना विकत घेतली. ऑडली सरदार-बिरदार नव्हता. तो कोर्टातला कारकून आणि सावकार होता, आणि त्याच्या व्याजाच्या कथा त्याच्या हयातीतच प्रसिद्ध होत्या.

१६६२ मध्ये ऑडली वारला. त्याच्या इस्टेटीचा हा वाटा नात्यातल्या अलेक्झांडर डेव्हिसकडे गेला. हाही दस्तऐवज लिहिणारा आणि कर्जाचे व्यवहार जुळवणारा माणूस. त्याने टेम्सच्या काठी मिलबँकला उसन्या पैशावर मोठी हवेली बांधायला काढली आणि १६६५ च्या प्लेगमध्ये तो गेला. मागे तरुण विधवा, डोक्यावर कर्ज आणि काही महिन्यांची मुलगी राहिली. तिचं नाव मेरी.

फिरत्या मजकुरात मेरी डेव्हिसचा पत्ताच नाही, आणि माझ्या मते त्याची खरी चूक हीच आहे. मोठी झाल्यावर तिला सुमारे ५०० एकर जमीन मिळणार होती. तेव्हा ती जमीन म्हणजे कुरणं, दलदल आणि भाजीचे मळे, पण लंडन पश्चिमेला सरकतंय हे डोळे असलेल्या प्रत्येकाला दिसत होतं. त्यामुळे ती लहान असतानाच तिच्या लग्नाचे सौदे सुरू झाले. आधी लॉर्ड बर्कली यांच्या मुलाशी बोलणी झाली, पण ठरलेली रक्कम उभी न राहिल्याने ती मोडली. मग वायव्य इंग्लंडातल्या चेशर परगण्याचे सर टॉमस ग्रोव्हनर पुढे आले. ते घराण्याचे तिसरे बॅरोनेट (हा सरदारकीच्या खालचा किताब), वय एकवीस-बावीस. १० ऑक्टोबर १६७७ रोजी सेंट क्लेमंट डेन्सच्या चर्चमध्ये लग्न लागलं. नवरी बारा वर्षांची होती.

टॉमस १७०० मध्ये वारला. त्याआधीच मेरीचं मानसिक स्वास्थ्य ढासळत चाललं होतं. पुढच्या वर्षी ती पॅरिसला असताना एडवर्ड फेनविक नावाच्या माणसाने आपलं तिच्याशी लग्न झाल्याचा दावा केला. ते लग्न ठरतं तर इस्टेट त्याच्या हाती गेली असती. ग्रोव्हनरांनी वर्षानुवर्षं खटला लढवून ते लग्न रद्दबातल ठरवून घेतलं. मेरी १७३० पर्यंत जगली, पण आपल्या मालमत्तेवर तिचा हात पुन्हा कधी चालला नाही. मेफेअरमध्ये डेव्हिस स्ट्रीट आहे, तेवढं तिचं नाव उरलं आहे. विल्यमच्या शिकाऱ्याची दंतकथा सांगायला मर्दानी वाटते. एका अनाथ मुलीच्या लग्नाचा व्यवहार सांगायला तितका सोयीचा नाही, पण लंडनची जमीन त्या व्यवहारातून आली.

आणि यात ग्रोव्हनर एकटे नाहीत. चेल्सीची जमीन कॅडोगन घराण्याकडे सर हॅन्स स्लोन यांच्या मुलीशी लग्न करून आली. ब्लूम्सबरी बेडफर्डच्या रसेल घराण्याकडे रेचल रायथस्ली हिच्या लग्नातून आलं. लंडनच्या बड्या इस्टेटींचा इतिहास लढायांपेक्षा सोयरिकींच्या कागदांत जास्त सापडतो.

मग १०६६ चा शिकारी आला कुठून? ग्रोव्हनर चेशरमध्ये बाराव्या शतकापासून दिसतात. तिथला पहिला मोठा नॉर्मन अर्ल ह्यू लूपस. त्याच्याबरोबर आलेला शिकारी गिल्बर्ट हा आपला मूळपुरुष, असा घराण्याचा दावा. तो दावा जाहीरपणे ऐकू येतो तो एका खटल्यात, तोही ह्यू लूपसनंतर तीनशे वर्षांनी. १३८५ मध्ये दुसऱ्या रिचर्डच्या स्कॉटलंड मोहिमेत सर रिचर्ड स्क्रूप आणि सर रॉबर्ट ग्रोव्हनर एकच चिन्ह ढालीवर घेऊन आले: निळ्यावर तिरका सोनेरी पट्टा. चिन्ह कोणाचं, यावर सरदारांच्या न्यायालयात काही वर्षं खटला चालला आणि शेकडो साक्षी झाल्या. १३८६ मध्ये साक्ष द्यायला आला कवी जेफ्री चॉसर. त्याने सांगितलं की लंडनच्या फ्रायडे स्ट्रीटवरून जाताना हे चिन्ह टांगलेलं दिसलं, म्हणून मी विचारलं की स्क्रूपचं चिन्ह लावलेली ही कुठली खानावळ? तर कळलं की चिन्ह सर रॉबर्ट ग्रोव्हनर यांचं आहे, आणि हे नाव मी तोपर्यंत ऐकलंच नव्हतं. विल्यमच्या काळापासून लंडनचे मालक म्हणवणाऱ्यांबद्दल लंडनमध्येच वाढलेल्या माणसाची ही साक्ष!

डूम्सडेमध्ये चेशरात गिल्बर्ट नावाचा एक शिकारी आहे खरा, पण अभ्यासक त्याला व्हेनेबल्स घराण्याचा मूळपुरुष मानतात. खटल्याचा शेवटचा निकाल १३९० मध्ये स्क्रूपच्या बाजूने लागला. ग्रोव्हनरांनी मग चिन्ह बदलून गव्हाची सोनेरी पेंढी घेतली, पण हार काही विसरले नाहीत. एकोणिसाव्या शतकात वारसाचं नाव ठेवलं ह्यू लूपस. शिल्पकार जी. एफ. वॉट्स यांच्याकडून त्या नॉर्मन अर्लचा घोड्यावरचा भव्य पुतळा करून चेशरमधल्या आपल्या वाड्यापुढे, ईटन हॉलपुढे, उभा केला. १८८० मध्ये त्यांच्या ज्या घोड्याने डर्बी जिंकली, त्याचं नाव होतं ‘बेंड ऑर’, म्हणजे हरलेल्या त्या पट्ट्याचंच नाव. दंतकथेला असं पाचशे वर्षं खतपाणी मिळालेलं आहे.

‘हजार वर्षं ड्यूक’ हा दावा तर दोन वाक्यांत संपतो. इंग्लंडात ड्यूक हा किताबच १३३७ मध्ये सुरू झाला. ग्रोव्हनर ड्यूक झाले १८७४ मध्ये, मुंबई-ठाणे रेल्वे सुरू झाल्यावर एकवीस वर्षांनी. नॉरफोकचं ड्यूकपद १४८३ चं आहे, त्याच्या तुलनेत हे कालचं. किताबांचा क्रम, खालून वर, असा: १६२२ मध्ये पहिल्या जेम्सकडून बॅरोनेट. हा वंशपरंपरागत किताब असला तरी त्याने लॉर्डांच्या सभेत, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहात, जागा मिळत नाही, आणि १६११ मध्ये राजाने तो काढला होताच मुळी पैसा उभा करायला. १७६१ मध्ये बॅरन, म्हणजे खरी सरदारकी इथून. १७८४ मध्ये अर्ल, १८३१ मध्ये मार्क्वेस ऑफ वेस्टमिन्स्टर. आणि निवडणूक हरून पायउतार होताना पंतप्रधान ग्लॅडस्टन यांनी ह्यू लूपस ग्रोव्हनर यांना ड्यूक केलं. गंमत म्हणजे १८६६ मध्ये ग्लॅडस्टन यांच्या मतदानसुधारणा विधेयकाला याच गृहस्थांनी विरोध केला होता. जमीन १६७७ ची आणि बॅरनपद १७६१ चं, हा क्रम ध्यानात घेतला तर दिसतं की किताबामुळे जमीन आली नाही. जमिनीचं भाडं वाढत गेलं तसे किताब वाढत गेले.

राजरक्ताच्या मुद्द्यावर एवढंच. मैत्री आहे, सातवे ड्यूक राजपुत्र जॉर्जचे धर्मपिता आहेत. पण राजघराण्याशी झालेला गाजलेला जुना संबंध निराळाच होता. १७७० मध्ये लॉर्ड ग्रोव्हनर यांनी राजाच्या सख्ख्या भावावर, कंबरलंडच्या ड्यूकवर, आपल्या बायकोशी व्यभिचार केल्याचा दावा लावला आणि १०,००० पौंड भरपाई मिळवली.

निम्मं लंडन? ग्रोव्हनरांची आजची लंडनमधली इस्टेट मेफेअर आणि बेलग्रेव्हिया मिळून सुमारे ३०० एकर आहे. बृहन्लंडन जवळपास ३ लाख ८८ हजार एकरांचं. म्हणजे हजारात एक एकरसुद्धा भरत नाही. वेस्टमिन्स्टर हा किताबही मालकीचा सातबारा नाही. डेव्हनशरच्या ड्यूकची गढी डर्बीशरमध्ये आहे, तसंच हे. पण हे एकर कुठले आहेत, यातच सगळं आलं. आणि मालकी टिकली ती भाडेपट्ट्यामुळे. अठराव्या शतकात मेफेअरमध्ये आणि १८२० नंतर टॉमस क्युबिट या बांधकाम ठेकेदाराने बेलग्रेव्हियात घरं बांधली ती पट्ट्याच्या जमिनीवर. मुदत संपली की जमीन घरासकट मालकाकडे परत. मुंबईत पोर्ट ट्रस्टच्या जागेवर राहणाऱ्यांना हे दुखणं समजावून सांगावं लागणार नाही. १९६७ च्या कायद्याने भाडेकरूंना घर विकत घेण्याचा हक्क दिला, तेव्हा ग्रोव्हनरांचे विश्वस्त थेट स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयात गेले आणि १९८६ मध्ये हरले. १९९३ मध्ये तो हक्क आणखी वाढवला गेला, तर सहाव्या ड्यूकनी रागाने हुजूर पक्षच सोडला.

करांबाबत मजकूर सत्याच्या सर्वांत जवळ जातो. ‘एक पैसाही नाही’ हे मात्र चूक. दुसरे ड्यूक १९५३ मध्ये वारल्यावर वारसाकराचा मोठा बोजा पडला, आणि त्याच सुमारास लंडनमधल्याच पिमलिको भागातली मालमत्ता विकली गेली. चौथे ड्यूक १९४४ च्या लढाईत जखमी झाले आणि १९६७ मध्ये कॅन्सरने वारले. त्या जखमेचा मृत्यूला हातभार लागला असा युक्तिवाद करून १९७९ मध्ये कोर्टातून करमाफी मिळवण्यात आली. कायद्यातली सवलत खरी, पण ती सैनिकांच्या विधवांसाठी आहे असं आपल्याला वाटलं असतं. २०१६ मध्ये सातवे ड्यूक पंचविसाव्या वर्षी वारस झाले, तेव्हा मालमत्तेचा अंदाज नऊ अब्ज पौंडांच्या आसपास होता. वारसाकर ४० टक्के असतो, पण बहुतेक मालमत्ता विश्वस्त निधींत असल्याने तो तसा लागला नाही. निधींना दर दहा वर्षांनी कमाल ६ टक्क्यांपर्यंत आकार द्यावा लागतो. यावर चिडायचं असेल तर जरूर चिडावं, फक्त हा विसाव्या-एकविसाव्या शतकातल्या संसदेचा कायदा आहे, विल्यम राजाचा नाही.

आता आपल्या जिव्हाळ्याचा हिरा. ‘नासक’ नावाने ओळखला जाणारा हा हिरा त्र्यंबकेश्वरच्या शिवाचा, अशी परंपरा आहे. १८१८ मध्ये पेशवाई संपली तेव्हा तो दुसऱ्या बाजीरावाकडून ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात गेला. लूट म्हणायची तर ती इथे झाली, कंपनीच्या हातून. लंडनच्या जवाहिऱ्यांकडून फिरत तो १८३७ मध्ये पहिल्या मार्क्वेस ऑफ वेस्टमिन्स्टरनी विकत घेतला आणि तलवारीच्या मुठीत बसवला. त्याच वर्षी त्यांनी अर्काटच्या नवाबाचे हिरेही घेतले. लुटीचा माल ऐटीने मिरवला, हा ठपका त्यांच्यावर ठेवता येतो, आणि मी ठेवतो. पण ‘आजही त्यांच्याकडेच’ हे चूक आहे. १९२७ मध्ये हिरा पॅरिसच्या मोबुसाँ या जवाहिऱ्याला विकला गेला आणि १९४० मध्ये न्यू यॉर्कच्या हॅरी विन्स्टनने तो पुन्हा कापून ४३.३८ कॅरटचा केला. लंडनला आला तेव्हा तो ८९ कॅरटहून जास्त होता.

शेवटचा दावा किताब आणि जमीन कायम एकत्र राहण्याचा. १९९९ च्या कायद्याने बहुतेक वंशपरंपरागत सरदारांची लॉर्डांच्या सभेतली जागा गेली, त्यात हेही. ड्यूकपद पहिल्या ड्यूकच्या पुरुषवंशातच चालतं, मुलीकडे जात नाही. आज त्या वंशात सातव्या ड्यूकनंतर कोणी पुरुष वारस नाही. त्यांना मुलगा झाला नाही तर ड्यूकपद संपेल. मार्क्वेसपद मात्र १८३१ च्या सनदेनुसार दूरच्या शाखेतल्या अर्ल ऑफ विल्टनकडे जाईल, आणि मेफेअरचं भाडं विश्वस्त निधीच्या कागदांत ज्यांची नावं असतील त्यांच्याकडे.