थम्ब लागत नाही

सकाळचे सात अठरा. कॉलेजच्या ऑफिसबाहेर भिंतीवर हजेरीचं ते काळं डबडं आहे, त्याच्यापुढे मी उभी, मागे दहा-अकरा जणांची लाईन, आणि डबड्यातली बाई म्हणतेय, प्लीज ट्राय अगेन. मी अंगठा साडीला पुसला. प्लीज ट्राय अगेन. मग तर्जनी, मग मधलं बोट, मग अंगठ्यावर फुंकर मारून, मग डबड्याच्या काचेवर फुंकर मारून, मग मागून फिजिक्सचे सर म्हणाले, मॅडम जरा जोरात दाबा, तर जोरात दाबून. प्लीज ट्राय अगेन. बाई फार पेशन्सवाली आहे, माझ्या शाळेत अशी एक जरी असती तर मला गणित आलं असतं.

तर काय्ये, माझ्या बोटांवर ठसे नाहीत. होते, मतदार यादीत नाव लागलं तेव्हापर्यंत नक्की होते. आता अंगठ्याच्या पेरावर तीन आडव्या भेगा आहेत, भेगांच्या कडेला कांद्याच्या पापुद्र्यासारखी सालपटं, आणि सालपट निघालं की खाली गुळगुळीत गुलाबी कातडी, बाळाच्या गालासारखी. चोरीमारी करणाऱ्याला असा अंगठा मिळाला तर तो देवाला पेढे वाटेल. मला मिळालाय, आणि मी अकरावी-बारावीला इतिहास शिकवते.

ह्याला म्हणतात इसब. म्हणजे माझे बाबा म्हणतात. आई म्हणते उष्णता. आत्या म्हणते रक्त बिघडलंय. सासूबाई म्हणतात बाहेरचं खाणं. कोपऱ्यावरचा मेडिकलवाला न बघताच म्हणतो फंगल. स्टाफरूममध्ये मी स्वतः सांगते स्किन ॲलर्जी, कारण ॲलर्जी म्हटलं की माणसं मागे सरकत नाहीत आणि इसब म्हटलं की खुर्ची चार बोटं लांब जाते, बसलेल्या माणसासकट. (लागत नाही हो. इसब एकाचा दुसऱ्याला लागत नाही. खरूज लागते, गजकर्ण लागतं, इसब नाही. हे मी इतक्या वेळा सांगितलंय की आता थेट हात पुढे करते, घाबरणारा घाबरूदे.) डॉक्टर ॲटोपिक डर्माटायटिस म्हणतात. एका रोगाला इतकी नावं, ती तर फक्त विष्णूला शोभतात, आणि गंमत म्हणजे प्रत्येक नावाबरोबर वेगळं औषध येतं आणि ते सांगणारा माणूस दर आठवड्याला फोन करून विचारतो, लावलंस का?

पण नावापेक्षा मोठा लोच्या क्रियापदाचा आहे. मराठीत होतं काय, की ताप येतो, सर्दी होते, डोकं दुखतं, हे सगळं चारचौघांत सांगता येतं. खाज सुटते हे सांगता येत नाही. "तुला काय खाज होती तिकडे जायची" हे वाक्य ज्या भाषेत भांडणात वापरतात, त्या भाषेत प्राचार्यांना रजेचा अर्ज कसा लिहायचा? मी एकदा लिहिलाही, "अंगास कंड सुटल्यामुळे", आणि वाचून बघितला तर तो अर्ज नाही, कबुलीजबाब वाटत होता. फाडला. ताप लिहिला.

लहानपणी गुडघ्याच्या मागे आणि कोपराच्या आतल्या बाजूला असायचं, मोठेपणी ते हातांवर उतरलं. आमच्याकडे हे वडिलोपार्जित आहे, बाबांना दमा, भावाला सकाळी उठल्यावर सलग तेवीस शिंका आणि मला इसब. ही तिन्ही एकाच घरातली भावंडं असतात म्हणे, एकाकडे दमा असला की बऱ्याचदा दुसऱ्याकडे इसब सापडतो. जमीनजुमला कुणालाच आला नाही, ही वाटणी मात्र वादाविना झाली. तेव्हा आजी होती, तिने माझ्या भेगाळलेल्या टाचेला बिब्बा लावला, पायावर चांगले आठ-दहा फोड आले, बिब्बा उतला म्हणतात तो तसा उतला. धोबी पूर्वी ह्याच बिब्ब्याच्या रसाने कपड्यांवर खुणा करायचे, धुऊन न जाणारी शाई. चांगल्या कामात कुणी बिब्बा घातला की लोकांना म्हण आठवते, मला टाच.

बाकीचे उपाय पटपट सांगते कारण तुम्ही सगळे तेच सांगणार आहात. कडुनिंबाचा पाला झाला, गोमूत्र झालं, हळदीचा लेप झाला (पिवळी उशी, पिवळा नवरा), वांगं बंद, कोलंबी बंद, आंबट बंद, एका बाईंनी तर काळे कपडे बंद करायला लावले होते. ह्यातलं कोकमाचं तेल आणि साधं खोबरेल ह्यांनी भेगांना खरंच बरं वाटतं, ते लपवणार नाही. आणि मेडिकलवाल्याची ट्यूब, जी जगात सर्वात डेंजर, कारण तिने दोन दिवसांत बरं वाटतं. त्यात स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक सगळं एकत्र, म्हणजे मिसळच, नेम नाही तर निदान सगळीकडे फवारणी. २०१८ पासून स्टेरॉइडच्या मलमाला डॉक्टरची चिठ्ठी लागते, कागदोपत्री. मी मागितली तेव्हा त्याने फक्त विचारलं, छोटी की मोठी? मोठी घेतली. चार महिने लावली. मनगटाची कातडी इतकी पातळ झाली की खालच्या शिरा गुगल मॅपसारख्या दिसायला लागल्या आणि ट्यूब थांबवल्यावर जे उसळलं ते आधीच्या दुप्पट. ट्यूबचाही तसा दोष नाही, नंतर डॉक्टरांनी तसलंच औषध दिलं पण मोजून, बोटाच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत मलमाची रेघ काढायची, ती अर्धा ग्रॅम भरते आणि बोटांसकट दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते, आणि इतके दिवस लावायचं, मग बंद. माझी लावायची पद्धत पोळीला तूप लावायची होती.

रात्री हा प्रकार वाढतो. पांघरुणात अंग गरम होतं आणि शरीरातलं सूज आवरणारं कॉर्टिसोल रात्री खाली गेलेलं असतं, हे मला आत्ता माहितीये. लग्न झालं तेव्हा एवढंच माहीत होतं की नवऱ्याला काही सांगायचं नाही. मी झोपेत खाजवायचे, खर्रर्र, खर्रर्र, खर्रर्र. पहिल्या महिन्यात तो बिचारा तीनदा उठून पलंगाखाली बॅटरी मारून आला आणि चौथ्या दिवशी ऑफिसातून येताना उंदराचा पिंजरा घेऊन आला. त्यात सासूबाईंनी भजी लावली. आठवडाभर ती भजी रोज बदलली जात होती आणि मी रोज मान खाली घालून उंदीर केवढा असेल ह्या चर्चेत भाग घेत होते. शेवटी मी सांगितलं. नवरा म्हणाला, हात्तिच्या, मला वाटलं घूस आहे.

शेवटी स्किनच्या डॉक्टरकडे गेले, बाई होत्या. त्यांनी हात बघितले, उलटे केले, परत सुलटे केले आणि विचारलं, लसूण कोण सोलतं? मी म्हटलं मीच, दुसरं कोण. लसूण डाव्या हातात धरता का? हो. बघा, म्हणाल्या, डाव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं जास्त फाटलीत, उजव्या हातात सुरी असते ना. मी बघितलं. खरंच. वीस वर्षं मी ही बोटं बघत होते आणि मला कधी दिसलं नव्हतं की इसबसुद्धा लसूण धरायच्या पोझमध्ये बसलाय! त्या दिवशी घरी जाऊन जाहीर केलं की ह्यापुढे लसूण नवरा सोलेल, डॉक्टरांनी लिहून दिलंय. लिहून दिलं नव्हतं. पण वैद्यकशास्त्राचा एवढा उपयोग तर व्हायला पाहिजे.

मग पॅच टेस्ट. पाठीवर चिकटपट्ट्या लावतात, त्यांत छोट्या छोट्या वाट्या, प्रत्येक वाटीत एकेक संशयित पदार्थ. अठ्ठेचाळीस तासांनी काढून बघतात, मग अजून दोन दिवसांनी परत बघतात, तोवर पाठ भिजवायची नाही, घाम आणायचा नाही आणि खाजवायचं नाही. म्हणजे खाजणाऱ्या माणसाच्या पाठीवर खाजणारे पदार्थ लावायचे आणि सांगायचं, हात नाही लावायचा हं. तारीख मिळाली ती नेमकी भोगीच्या आदल्या दिवसाची. भोगीला न्हायचं असतं. सासूबाई म्हणाल्या, न खाई भोगी तो सदा रोगी. मी म्हटलं आई, खाते की, भाजी खाते, बाजरीची भाकरी खाते, फक्त न्हात नाही. त्या म्हणाल्या हळदीकुंकवाला बायका येणारेत. आल्या. मी त्यांना वाण देत होते आणि मागे भिंतीच्या कोपऱ्याला पाठ लागेल इतक्या जवळ जाऊन उभी राहत होते, घासत नव्हते, शपथ, फक्त जवळ उभी राहत होते, आणि एका काकूंनी विचारलं, सूनबाई एवढ्या कोपऱ्यात का गं, लाजते का अजून?

निकालात दोन ठिकाणी पाठ लाल. एक निकेल. निकेल म्हणजे खोट्या बांगड्या, जीन्सचं बटण आणि सेफ्टी पिना. आता मराठी बाईच्या मंगळसूत्राला किती सेफ्टी पिना अडकवलेल्या असतात ते घरोघरी बघा, माझ्या सहा होत्या, अडीअडचणीला असाव्यात म्हणून, आणि गळ्याखाली तिथेच सहा वर्षं एक चट्टा होता ज्याचं खापर मी आळीपाळीने घाम, पावडर आणि नवरा ह्यांच्यावर फोडलं होतं. दुसरं निघालं गाजर गवत. ते म्हणे परदेशातून आलं, आपल्या देशात पहिल्यांदा नजरेत भरलं ते १९५५च्या सुमारास, आणि कुठे, तर पुण्यात. अख्खा भारत पडलाय. पण त्यालाही पुणंच आवडलं आणि मलाही. त्याचे कण वाऱ्यावर उडतात आणि उघड्या कातडीवर बसतात, त्यासाठी गवताला हात लावायचीही गरज नाही. आमच्या सोसायटीच्या मागे रिकामा प्लॉट आहे, तिथे हे गवत माझ्या खांद्याएवढं येतं आणि त्याची पांढरी फुलं बघून मी लग्नाआधी एकदा म्हणाले होते, अय्या किती छान.

डॉक्टरांनी कारणही सांगितलं, की काहींच्या कातडीत फिलॅग्रिन नावाचं प्रथिन जन्मतःच कमी असतं, त्याच्या जनुकातल्या बिघाडाचा इसबाशी संबंध २००६ साली स्कॉटलंडमधल्या डंडीच्या संशोधकांनी दाखवला. मग भिंत कच्ची राहते, आतलं पाणी बाहेर जातं आणि बाहेरचं सगळं आत येतं. माझ्या डोक्यात लगेच बसलं, बिल्डरने सिमेंट खाल्लंय. म्हटलं मग बरं कधी होणार? तर म्हणाल्या कंट्रोलमध्ये राहील. हे उत्तर मला ओळखीचं वाटलं. बाबांच्या जुन्या वाड्यात पागडीचे भाडेकरू होते, वकीलही अगदी ह्याच सुरात बोलायचे. जात नाही, भाडं देत नाही, रात्री-बेरात्री आवाज करतो आणि काढायला गेलं की जास्त उसळतो. मग काय, सकाळ-संध्याकाळ मॉइश्चरायझर, आंघोळ झाली की अंग ओलसर असतानाच, आणि भांडी घासताना आत सुती नि वर रबरी मोजे. मोलकरीण मोजे बघून म्हणाली, ताई, ऑपरेशन करता का काय भांड्यांचं.

वर्गात फ्रेंच राज्यक्रांती शिकवताना मारा नावाचा एक क्रांतिकारक येतो. ह्या माणसाला असा काही कातडीचा रोग होता की तो पाण्याच्या टबात बसून, टबावर फळी टाकून तिथेच लिहायचा, आणि १७९३ साली तिथेच त्याचा खून झाला. मुलं खुनाशी थांबतात, सुरा केवढा होता विचारतात. मी दरवर्षी टबाशी थांबते. बसून लिहायचं आणि पाण्यात राहायचं, कुणी थम्ब मागत नाही.

तर थम्ब. महिनाभर माझी रोज गैरहजेरी लागत होती आणि मी रोज चार तास शिकवत होते. प्राचार्य सरांनी शेवटी फक्त माझ्यासाठी जुनं मस्टर काढलं, शिपाईमामांच्या ड्रॉवरमध्ये असतं, त्यात रोज सही करायची. दिवाळीआधी ऑफिसने नवीन मशीन आणलं, चेहरा ओळखणारं. सर स्वतः म्हणाले, मॅडम, खास तुमच्यासाठी. मला भरूनच आलं. ऑगस्टमध्ये फोटो काढून नोंदणी झाली होती, छान आला होता फोटो. मशीन बसलं ऑक्टोबरात, पाऊस संपलेला आणि मागचा प्लॉट पांढऱ्या फुलांनी नुसता डवरलेला. त्या सोमवारी सकाळी उठले तर दोन्ही पापण्या पुरीसारख्या टम्म, डोळ्यांच्या जागी दोन फटी. तशीच गेले. मागे लाईन, फिजिक्सचे सर मागेच. मशीनपुढे उभी राहिले, त्याने मला बघितलं, चांगलं निरखून बघितलं, हिरवा चौकोन चेहऱ्यावर फिरला, थांबला, परत फिरला. मग लाल झाला.

मामांनी काही विचारलं नाही. ड्रॉवर उघडला, मस्टर काढलं, पेनाचं टोपण काढून पेन माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "मॅडम, राग नका मानू, पण आमच्या गावाकडं एक बाबा पाला देतो."