आओशिमा नुसते विनोदी नट नव्हते!

लेखात म्हटलंय की टीव्हीवर खडूस आजीचं सोंग करणारा नट १९९५ मध्ये गंमत म्हणून टोकियोचा गव्हर्नर झाला, हे काही पटलं नाही बुवा. युकिओ आओशिमा १९६८ पासून जपानी संसदेच्या वरच्या सभागृहात निवडून येत होते, मधे एखादा गॅप सोडला तर पंचवीसेक वर्षं राजकारणातच होते की! आणि १९८१ ला पहिल्याच कादंबरीला नाओकी हा जपानमधला मोठा साहित्य पुरस्कार मिळाला, तो काय साडी नेसून, सॉरी किमोनो घालून मिळतो का? हे लेखात कुठेच नाही.

मी काही वर्षं टोकियोत नोकरीला होतो, तिथल्या ऑफिसातले एक सीनियर ओदाइबाला, म्हणजे टोकियोच्या खाडीत भराव घालून केलेल्या भागात, जाताना युरिकामोमे ट्रेनच्या खिडकीतून बोट दाखवून सांगायचे, इथे तो मोठा एक्स्पो, म्हणजे जागतिक प्रदर्शन, होणार होता, आओशिमांनी निवडून आल्याआल्या रद्द केला. टोकियोच्या विधानसभेने भरवाच म्हणून ठराव केला होता, कंत्राटं दिलेली, तिकिटं विकलेली, तरी माणूस निवडणुकीत दिलेल्या शब्दाला जागला. ना सभा, ना भोंगा लावलेली गाडी, त्या निवडणुकीत प्रचार असा केलाच नाही म्हणे. पण तेच सीनियर पुढे हेही म्हणायचे की त्यानंतर सगळं अधिकाऱ्यांच्याच हातात गेलं, ९९ ला परत उभेच राहिले नाहीत आणि गव्हर्नरच्या खुर्चीत आले शिंतारो इशिहारा. टीका करायची तर यावर करा ना, त्या आजीच्या विगवर काय करताय.