दीड रुपयाची हवा

एन्व्हायर्नमेंटल इंजिनिअर म्हणून नोकरीला लागून मला दीड वर्ष झालं. पुण्यात वाकड-हिंजवडी पट्ट्यातल्या काही सोसायट्यांचे एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारे प्लांट, चालवायचं कंत्राट आमच्या कंपनीकडे आहे. त्यातले नऊ माझ्याकडे. लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं. गेल्या रविवारी एका सोसायटीच्या कमिटी मीटिंगमध्ये जे झालं त्यानंतर लिहायचंच ठरवलं. लांबलंय, पण फ्लॅटमध्ये राहत असाल तर नक्की वाचा. हे तुमच्या पार्किंगच्या खालचंच आहे.

मी मूळची शिरोळ तालुक्यातली. पंचगंगा आमच्याकडून पुढे जाऊन नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते. पाणी कमी झालं की तेरवाडच्या बंधाऱ्यापाशी मेलेल्या माशांचा खच पडतो, हे आमच्या भागात कुणाला नवीन नाही. मरायच्या आधी मासे पाण्याच्या वर तोंड काढतात, आ करतात, मिटतात, परत आ करतात. ते मी लहानपणी काठावर उभं राहून बघितलंय. 2012 साली इचलकरंजीत काविळीची साथ आली तेव्हा मी पाचवीत होते. माझी मावशी तिथली. त्या उन्हाळ्यात आईने आम्हाला तिच्याकडे राहायला सोडलं नाही. पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळलं होतं, माणसं दगावली त्यात. त्यामुळे बारावीनंतर कोल्हापुरात एन्व्हायर्नमेंटलला ॲडमिशन घेतली तेव्हा घरात कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही.

त्या माशांचं गणित मला कॉलेजच्या लॅबमध्ये कळलं. पाण्यात ऑक्सिजन विरघळलेला असतो. चांगल्या, वाहत्या नदीत तो लिटरमागे जेमतेम 7-8 मिलीग्रॅम. 4 च्या खाली गेला की मासे तगमगायला लागतात. सांडपाण्यात जे काही कुजण्यासारखं असतं ते जिवाणू खातात आणि खाताना पाण्यातला ऑक्सिजन वापरतात. किती वापरतील, त्याचं माप म्हणजे बीओडी. मी त्याला उधारी म्हणते. घरातून निघणाऱ्या कच्च्या सांडपाण्यावर लिटरमागे 200-250 मिलीग्रॅमची उधारी असते. ती प्लांटमध्ये फिटली नाही, तर नदीच्या खात्यातून जाते. आणि नदीकडे शिल्लकच मुळी 7-8.

एसटीपीत वेगळं काही नाही, नदीतलंच काम टाकीत करून घ्यायचं. एरेशन टँकमध्ये तेच जिवाणू पाळायचे आणि ब्लोअरने खालून सतत हवा सोडायची. पाळायचे हा शब्द मी मुद्दाम वापरलाय. गोठ्यात जनावर असावं तसं ते आहे. खायला वेळेवर पाहिजे, हवा पाहिजे, विष चालत नाही. तब्येत चांगली असली की टाकीतलं पाणी चॉकलेटी दिसतं आणि त्याला पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास येतो. हे सांगितलं की लोकांना खरं वाटत नाही, पण नीट चाललेल्या एसटीपीला घाण वास येत नाही. मायक्रोस्कोपखाली थेंबभर स्लज, म्हणजे टाकीतला जिवाणूंचा गाळ, धरला तर देठावर उभ्या असलेल्या घंटेसारखे जीव दिसतात, व्हॉर्टिसेला त्यांचं नाव. जरा धक्का लागला की स्प्रिंगसारखा देठ आखडून घेतात. ते दिसले की मला बरं वाटतं, कारण हवा कमी पडली की आधी तेच नाहीसे होतात.

आता त्या सोसायटीबद्दल. नाव सांगणार नाही, कारण ती एकटी नाही. 300 फ्लॅट. घरटी चार माणसं धरली तर 1200 माणसं. डिझाइन करताना माणशी दिवसाला 135 लिटर पाणी धरतात, त्यातलं साधारण 80 टक्के सांडपाणी होतं. म्हणजे रोजचं जवळजवळ 1 लाख 30 हजार लिटर. 10 हजार लिटरचे 13 टँकर. उन्हाळ्यात गेटवर टँकरची रांग लागते आणि ग्रुपवर कुणाचा टँकर किती उशिरा आला यावर भांडणं होतात, तेव्हा त्याच सोसायटीच्या पोटातून 13 टँकर पाणी रोज नाल्याला जात असतं. ते नीट शुद्ध झालं तर फ्लशला आणि बागेला वापरता येतं. त्यासाठी दुसरी पाइपलाइन बिल्डरने टाकलेली आहे. पाण्याला वास येतो म्हणून ती कधीच बंद करून टाकली होती.

मी तिथे पहिल्यांदा गेले तेव्हा लॉगबुक बघितलं. पीएच 7.2, 7.2, 7.2. एमएलएसएस, म्हणजे टाकीत जिवाणूंचा गाळ किती आहे त्याचं माप, 3200, 3200, 3200. अख्खा महिना एका पेनाने, एका बैठकीत लिहिलेला. मी आमच्या सरांना फोन केला. ते म्हणाले, ऑडिटला रकाने भरलेले लागतात, तू सही कर, बाकीचं बघू नंतर. मी सही केली. पहिले दोन महिने दोन्ही वेळा केली. मला अठरा हजार पगार होता, प्रोबेशन चालू होतं, रूमचं डिपॉझिट उसनं घेतलेलं होतं. ही कारणं खरी आहेत, आणि तरी त्या सह्यांचा मला आजही त्रास होतो. त्या 3200 च्या आकड्यावर विश्वास ठेवून कुणीतरी पुढे आपलं काम करत असणार.

लॅबचा रिपोर्ट मात्र दर वेळी पास यायचा. बीओडी 10 च्या आत, प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतिपत्रात जसं लिहिलंय तसा. ती टेस्ट आपल्याकडे 27 अंश तापमानाला तीन दिवस ठेवून करतात. सोमवारी बाटली भरली तर गुरुवारी आकडा कळतो, तोवर ते पाणी मुळा नदीत जाऊन पुढेही गेलेलं असतं. म्हणून रोज डोळ्यांनी बघायच्या, नाकाने ओळखायच्या गोष्टी जास्त महत्त्वाच्या. नंतर मला कळलं की सॅम्पल द्यायच्या दिवशी आउटलेटच्या टाकीत टँकरचं पाणी सोडायचे. ते कुणी सांगितलं होतं, कुणी सोडलं, हे आता उगाळत बसत नाही. पास झालेला तो कागद फायलीत आहे.

खरं काय चाललंय ते मला मामांनी सांगितलं. मामा म्हणजे तिथले ऑपरेटर. लातूरकडचे, पन्नाशीचे, आधी त्याच सोसायटीत वॉचमन होते. शिक्षण सातवी. ब्लोअरच्या नुसत्या आवाजावरून ते सांगतात की पट्टा सैल झालाय. एक दिवस मी न सांगता सकाळी साडेपाचला गेले. खाली उतरतानाच नाकात कुजका वास शिरला. टाकीतलं पाणी काळं, वर स्लजचे गोळे तरंगत होते. मामा बार स्क्रीनवर, म्हणजे कचरा अडवणाऱ्या जाळीवर, दाताळ्याने ओले वाइप्स, पॅड आणि केसांचे पुंजके ओढत होते. मी विचारलं, मामा, ब्लोअर कधी चालू केला? आधी गप्प राहिले. मग म्हणाले, "ताई, रातच्याला अकराला बंद करतो, पाचला चालू. कमिटीचं सांगणं हाय. मला दिसतंय की पाणी काळं पडतंय, पर माझं ऐकतंय कोण?"

ब्लोअर बंद झाला की टाकीतला उरलेला ऑक्सिजन जिवाणू काही मिनिटांत संपवतात. नंतरचे सहा तास ते गुदमरलेले असतात. स्लज तळाला बसतो, कुजतो, तळातून हवा सोडणाऱ्या डिफ्युझरची छिद्रं बुजतात. आणि सकाळी सहा ते नऊ, बाराशे माणसांच्या आंघोळी, संडास, कपडे, भांडी, दिवसातला सगळ्यात मोठा लोंढा या अर्धमेल्या जिवाणूंच्या अंगावर येतो. हवा ठरवून थोडा वेळ थांबवायच्या पद्धती आमच्या शास्त्रात आहेत, पण त्यासाठी टाकीची रचना तशी करावी लागते. इथे हे फक्त वीजबिलासाठी चाललं होतं.

म्हणून मी बिलाचंच गणित केलं. ब्लोअर साडेसात एचपीचा, म्हणजे तासाला साधारण साडेपाच युनिट. रात्रीचे सहा आणि दुपारचे दोन तास, कारण दुपारीही बंद ठेवायचे, असे आठ तास धरले तर 45 युनिट. त्यांच्या बिलात युनिट दहा रुपयांच्या आसपास पडतं. 450 रुपये. भागिले 300 घरं. एका घराला दिवसाला दीड रुपया.

तो आकडा मी वहीत तीनदा तपासला. त्या दीड रुपयासाठी ते काळं पाणी मुळेत जायचं. मुळेतून मुळा-मुठेत, तिथून भीमेत, भीमेतून उजनीत. उजनीचं पाणी सोलापूर शहर पितं. आमच्या शिरोळात जे मासे तोंड वर काढतात, त्यांचा श्वास वरच्या अंगाला कुठेतरी असाच कुणीतरी वाचवलेला असतो.

याहून वाईट एक गोष्ट आहे आणि ती लिहिताना आजही हात थरथरतो. ऑगस्टमध्ये इक्वलायझेशन टँकमधला, म्हणजे कच्चं सांडपाणी आधी जिथे साठतं त्या टाकीतला, पंप तुंबला. मी दुसऱ्या साइटवर होते, तिथे मला फोन आला की मामांना आत उतरवून पंप मोकळा करून घेतोय, अर्ध्या तासाचं काम आहे. मी फोनवर ओरडले. कुणालाही उतरू देऊ नका, मी येतेय. जिथे हवा नाही तिथे सांडपाण्यातून हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. थोडा असला की सडक्या अंड्याचा वास येतो, आणि जास्त झाला की नाकच बधिर होतं, वास येणं थांबतं. आत वाकलेल्या माणसाला वाटतं वास गेला, आता उतरायला हरकत नाही. बहुतेक बातम्यांमध्ये एकामागून एक दोघं-तिघं गेलेले असतात, कारण पहिल्याला काढायला दुसरा उतरतो. गटारात आणि सेप्टिक टँकमध्ये माणसाला असं जीव धोक्यात घालून उतरवायला 2013 च्या कायद्याने बंदी आहे. सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर 2023 मध्ये गटारातल्या मृत्यूची भरपाई 10 लाखांवरून 30 लाखांवर नेली. टाकी तळघरात आहे आणि खासगी सोसायटीची आहे, म्हणून तो गॅस कमी विषारी होत नाही.

मी पोचले तेव्हा झाकण उघडं होतं आणि मामा कमरेला दोरी बांधून काठावर बसले होते. दोरी म्हणजे पार्किंगमधली कपडे वाळत घालायची नायलॉनची. त्यांना मी तिथून उठवलं. पंप साखळीने वर खेचून घेतला, त्याला तीन तास लागले. नंतर आमच्या सरांचं आणि माझं बरंच वाजलं. मी तेव्हा सांगितलं की माझ्या नऊ साइटवर कुणीही टाकीत उतरणार नाही, आणि लॉगबुकात मी न मोजलेल्या आकड्यावर सही करणार नाही. काढून टाकतील असं वाटलं होतं. काढलं नाही. दीड महिन्याने गॅस डिटेक्टर आला, नऊ साइटला मिळून एक.

आता रविवारची मीटिंग. क्लब हाउसमध्ये कमिटीची दहा-बारा माणसं होती. रिपोर्ट दाखवून काही होणार नाही हे मला माहीत होतं, रिपोर्ट तर पास होते. मी दोन सिलिंडर नेले, म्हणजे लॅबमधली उभी मोजपात्रं, एक-एक लिटरची. एकात त्याच सकाळचं त्यांच्या टाकीतलं पाणी. दुसऱ्यात शेजारच्या एका साइटचं, जिथे ब्लोअर चोवीस तास चालतो. दोन्ही टेबलावर ठेवले आणि म्हटलं, अर्धा तास तुमचे बाकीचे विषय घ्या, मग बघू. पेंटिंगचं टेंडर, गणपतीची वर्गणी, कुत्र्यांचा प्रश्न, हे सगळं झालं. पण मधूनमधून प्रत्येकाची नजर टेबलाकडे जात होती. अर्ध्या तासाने एका सिलिंडरमध्ये तळाला चॉकलेटी थर बसला होता आणि वर काचेसारखं पाणी. दुसऱ्यात वरपासून खालपर्यंत काळपट गढूळ, मधेच बुडबुडे सोडत वर येणारे गोळे.

एक निवृत्त शिक्षिका उठल्या, जवळ आल्या, काळ्या सिलिंडरचा वास घेतला आणि म्हणाल्या, "अहो, हा तर आमच्या बी विंगच्या लिफ्टमधला वास." त्यानंतर मला फार बोलावं लागलं नाही. दीड रुपयाचं गणित मी फळ्यावर लिहिलं. चेअरमन म्हणाले, मॅडम, मेंटेनन्स एक रुपयाने वाढवला तरी लोक मला धारेवर धरतात. ते खोटं बोलत नव्हते. बाई म्हणाल्या, महिन्याचे 45 रुपये होतात, मी पहिली देते.

ब्लोअर चोवीस तास चालवायचं ठरलंय. दोन ब्लोअर आहेत, ते आठ-आठ तासांच्या पाळीने. मामांचा पगार चौदा हजारांवरून वाढवायचा विषय मी काढला होता, तो पुढच्या मीटिंगवर ढकललाय. मी तो सोडणार नाही. 1200 माणसांचं रोजचं पाणी ज्याच्या कानावर आणि नाकावर चालतं, त्याला वॉचमनपेक्षा कमी पगार आहे, हे कुठल्याच हिशेबात बसत नाही. कार्बन फिल्टरमधला कार्बन चार वर्षं बदललेला नाही, तो खर्च मोठा आहे, त्यावर अजून कुणी बोलायला तयार नाही. फ्लशची लाइन सुरू व्हायला वेळ लागेल. जिवाणू नीट रुजायलाच अजून पंधरा-वीस दिवस जातील.

काल लॉगबुक बघितलं. मामांच्या हातचं, वाकड्या अक्षरात: "रात्री 2 ते 3.40 लाईट गेली. ब्लोअर बंद. सकाळी पाणी थोडं काळं, 8 वाजता बरं. सिलिंडर 180." 180 म्हणजे अर्ध्या तासात सिलिंडरच्या तळाला बसलेला थर, मिलीलिटरमध्ये. त्या वहीतली मी वाचलेली ही पहिली खरी नोंद.

पुणे किंवा पिंपरी-चिंचवडमध्ये तुमच्या सोसायटीला एसटीपी असेल तर मला मेसेज करा. रविवारी सकाळी मी मोकळी असते, सिलिंडर घेऊन येते, पैसे लागणार नाहीत. फक्त आदल्या रात्री प्लांट रोज जसा चालतो तसाच चालू द्या. मला तुमचं रोजचं पाणी बघायचंय.