छिन्नी असताना पाना कशाला?

रेस वाढते, इंजिन बोंबलतं, मोटरसायकल मात्र पुढे सरकायला राजी नाही. क्लच घसरतोय हे तुम्ही ओळखलंत, अभिनंदन! आता एकच पथ्य पाळा: क्लचच्या लिव्हरकडे चुकूनही बघू नका. बऱ्याच गाड्यांत लिव्हरच्या टोकाला १० ते २० मिलिमीटर ढिलाई लागते. ती नसली की क्लच कायम थोडासा दाबलेलाच राहतो आणि प्लेटा घसरतात. केबलचा अ‍ॅडजस्टर फिरवला, ढिलाई आली, की कधीकधी एवढ्यावरच भागतं. म्हणजे दोन मिनिटांत काम खलास. मग उरलेल्या सुट्टीचं काय करायचं? त्यापेक्षा सरळ इंजिन उघडा.

हत्यारं घरात असतातच. एक पक्कड, एक हातोडी, एक छिन्नी आणि आजवर फक्त डब्यांची झाकणं उघडलेला स्क्रू ड्रायव्हर. किती जोराने आवळलं ते सांगणारा टॉर्क पाना, व्हर्निअर, हब (क्लचच्या प्लेटा ज्यावर बसतात तो मधला भाग) धरायचं हत्यार वगैरे खुळं मेकॅनिक मंडळींनी आपल्याला बिचकवायला काढलेली आहेत.

साइड कव्हरचे बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात. काही भित्रे लोक पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून जो बोल्ट जिथला तिथे खोचून ठेवतात. तुम्ही सगळे एकाच डबीत टाका. बसवताना लांब बोल्ट आखूड भोकात गेला की तो तळाला टेकतो, आपल्याला वाटतं अजून आवळला नाही, आपण आणखी जोर लावतो, आणि मग जो बारीक ‘कट्’ आवाज येतो तो आयुष्यभर लक्षात राहतो. पॅकिंग चिकटलं असेल तर स्क्रू ड्रायव्हरनेच खरवडा. अ‍ॅल्युमिनियमवर पडलेल्या चऱ्यांतून पुढे तेल पाझरत राहतं, आणि गाडी कुठे उभी होती हे जमिनीवरच्या डागावरून केव्हाही कळतं. ही सोय शोरूममध्ये मिळत नाही.

आता हबचा नट. पुष्कळ गाड्यांत नुसत्या प्लेटा बदलायला याला हातही लावावा लागत नाही. स्प्रिंगचे बोल्ट काढले, प्रेशर प्लेट उचलली, की प्लेटा हातात येतात. पण ‘उघडलंच आहे तर’ हे तीन शब्द एकदा तोंडातून गेले की माणूस थांबत नाही. काही गाड्यांत हा नट गोल असतो, कडेला चार खाचा. त्यासाठी चार दातांचं खास सॉकेट मिळतं. तुमच्याकडे छिन्नी आहे. खाचेत टेकवा आणि हाणा. पहिल्या घावाला हब फिरतो, नट जागचा हलत नाही. दुसऱ्या घावाला खाचेचा कोपरा चपटा होतो. तिसऱ्याला छिन्नी सटकते आणि अंगठा आडवा येतो.

हब फिरू नये म्हणून जुन्या स्टील प्लेटला लोखंडी पट्टी वेल्ड करून दांडा बनवणारे लोक आहेत. त्या प्लेटचे आतले दात हबच्या खाचांत बसतात आणि हब गुमान उभा राहतो. हा जुगाड खरोखर चालतो, म्हणूनच तुमच्या कामाचा नाही. तुम्ही हबच्या खाचेत स्क्रू ड्रायव्हर अडकवा. हब ओतीव अ‍ॅल्युमिनियमचा असतो. त्याचा एखादा दात तुटून इंजिनात पडेल. पडू द्या, जाऊन जाऊन जाणार कुठे?

याच्या उलट, काही गाड्यांत क्लच ढकलणाऱ्या दांडीच्या, म्हणजे पुशरॉडच्या, टोकाशी जी पोलादी गोळी असते तिला जायला खूप जागा असते. रॉड ओढताना ‘टप्’ असा आवाज येतो, मग घरंगळण्याचा, मग शांतता. ती गोळी कपाटाखाली मिळणार नाही. कपाट सरकवून झाल्यावर माझ्याकडे एक जुनी चावी, दोन पेनांची टोपणं आणि पाठीत उसण एवढं जमा झालं होतं.

नव्या प्लेटा बसवण्याआधी इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवा असं जाणकार सांगतात, कोरड्या बसवल्या तर सुरुवातीलाच करपतात म्हणे. पण तुम्ही कशाला भिजत घोंगडं ठेवता? ऑइलही घरात असेल ते ओता. मोटरसायकलच्या तेलाच्या डब्यावर ‘जासो एमए’ लिहिलेलं असतं, कारण ओल्या, म्हणजे तेलात भिजून चालणाऱ्या, क्लचला पकड राहील असं ते तेल असतं. कारच्या काही तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात. घर्षण कमी म्हणजे गुळगुळीत, आणि गुळगुळीत म्हणजे चांगलं. नव्या प्लेटांसकट क्लच पुन्हा घसरायला लागला तर तो प्लेटांचा दोष.

६ मिलिमीटरच्या बोल्टला साधारण १० न्यूटन-मीटर पुरतात. तुम्ही मात्र दात-ओठ खाऊन आवळा. आटे गेले की बोल्ट अलगद, लोण्यासारखा फिरायला लागतो, तेव्हा थांबा. शेवटी एखादा वॉशर उरेल. कंपनीने जास्तीचा घातला होता.

संध्याकाळी गाडी ढकलत मेकॅनिककडे न्या. तो कव्हर काढेल, नटाच्या चपट्या खाचांवरून बोट फिरवेल आणि मान वर न करता विचारेल, “छिन्नी कोणी मारली?”

“काय माहीत,” म्हणा, अंगठ्याची पट्टी खिशात लपवत, “सेकंडहँड घेतलीय.”