‘झिरो कमिशन’ म्हणणाऱ्याला आधी भाव विचारा

दिवाळी झाली की आपल्याकडं दुबई-थायलंडच्या ग्रुप टूर सुरू होतात. मक्केला उमराहच्या यात्रेला जाणाऱ्यांची गडबड तर वर्षभर असते. पोरं नोकरीला बाहेर गेल्यामुळं आता गावाकडचे आईवडीलही विमानात बसायला लागलेत, याचा मला मनापासून आनंद आहे. पण व्हिसा, बॅगेचं वजन, सोबत न्यायची चटणी-पापड, हे सगळं त्यांना कुणीतरी बसून समजावतं. पैसे कुठं आणि कसे बदलायचे हे मात्र कुणी धड सांगत नाही. म्हणून जरा लांबलचक लिहितोय.

माझं म्हणणं एवढंच आहे की परकीय चलन घर सोडायच्या आधी, अधिकृत ठिकाणी, पक्क्या पावतीवर घ्या. विमानतळावर नको, आणि टूरवाल्याच्या हातात रोख देऊन तर नकोच नको.

आमचे उदगीरचे नाना लेकीकडं शारजाला निघाले तेव्हा मी सोडायला गेलो होतो. विमानतळाच्या काउंटरवर त्यांनी बंडीच्या आतल्या खिशातून पुडकं काढलंच होतं.

“नाना, भाव विचारला का?”

“विचारला की. त्यो म्हणला, कमिशन झिरो हाय.”

काचेमागं बोर्ड होता. दिरहम म्हणजे दुबई-शारजाचं चलन, ते विकायचा त्याचा भाव 26.40, विकत घ्यायचा 20.90. मी म्हणलं, आत्ता घेतलेला दिरहम इथंच परत दिला तर हा माणूस साडेपाच रुपये कमी देईल. नाना बोर्डाकडं बघत राहिले. “म्हंजी हितंच हुबं ऱ्हाऊन घेतला-दिला तरी साडेपाच गेले?” गेले. त्यांनी पुडकं परत खिशात घातलं आणि वरून बटण लावलं. लेक तिकडं घ्यायला येणारच होती, त्यामुळं अडलं काहीच नाही.

मोंढ्यात सोयाबीन घातलेल्या माणसाला हे नवीन नाही. ‘आडत घेत नाही’ म्हणायचं आणि भावच पाडायचा, हा त्यातलाच प्रकार. समजा बाजारात दिरहम 24 रुपये आहे. शहरात 24.40 नं मिळाला तर एक लाखात साधारण 4,098 दिरहम येतात. 26.40 नं घेतला तर 3,788. तीनशेवर दिरहम, म्हणजे सात हजारांच्या पुढं रुपये एका काचेसमोर गेले, आणि पावतीवर कमिशन शून्यच.

बाजाराचा भाव कळायला फार हुशारी लागत नाही. दिरहम 1997 पासून एका डॉलरला 3.6725 या कायमच्या दरानं बांधलेला आहे, सौदी रियाल 3.75 नं. मोबाईलवर डॉलरचा आजचा भाव बघायचा, त्याला 3.67 नं भागलं की दिरहम, 3.75 नं भागलं की रियाल. “आज दिरहम लई चढलाय” असं कुणी म्हणलं की लगेच भागाकार करून दाखवा.

आता पावतीचं. “बिल घेतलं तर जीएसटी लागंल, बिनबिलाचं घ्या,” हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता रागच येतो. एक लाख रुपयांच्या चलनावर हा जीएसटी किती? 180 रुपये. पंचवीस हजारांपर्यंत 45 रुपये. एवढ्यासाठी आपला म्हातारा माणूस बिनपावतीच्या नोटा घेऊन परक्या देशात उतरवायचा? नोट खोटी निघाली तर तो कुणाकडं दाद मागणार?

अधिकृत ठिकाणी पासपोर्ट, व्हिसा, तिकीट, पॅन मागतात. द्या. 50,000 रुपयांपर्यंतच रोख घेतात, त्यावर चेक किंवा खात्यातून. नोटांच्या रूपात एका प्रवासाला माणशी 3,000 डॉलरपर्यंत चलन मिळतं, बाकीचं फॉरेक्स कार्डावर, म्हणजे आधी परकीय चलन भरून ठेवलेल्या कार्डावर. हज-उमराहला यात सवलत आहे. हे नियम त्रास द्यायला नाहीत, उलट त्यामुळंच तुमच्या हातात पुरावा राहतो.

बँकांबद्दल मात्र माझी तक्रार आहे. तालुक्याच्या शाखेत विचारलं की, “आमच्याकडं होत नाही, विमानतळावर मिळून जातं,” असं सांगतात. ज्याचं खातं तीस वर्षं तुमच्याकडं आहे, त्याला जिल्ह्याची किंवा छत्रपती संभाजीनगरची कोणती शाखा हे काम करते एवढं तरी सांगा. एक फोन लावायचा प्रश्न आहे.

तिकडं गेल्यावर कार्ड वापरणाऱ्यांसाठी आणखी एक. दुकानातलं मशीन विचारतं, रुपयांत पैसे देणार की तिथल्या चलनात? आपले रुपये दिसले की बरं वाटतं आणि बोट तिकडंच जातं. पण रुपये निवडले की भाव तो मशीनवाला लावतो आणि त्यात त्याची वेगळी मलई असते. दरवेळी तिथलंच चलन निवडा. जाताना आईवडिलांकडून हे चार वेळा म्हणून घ्या.

लुंबिनीला जाणाऱ्यांचं गणित सोपं आहे. नेपाळचा दर 1993 पासून बांधलेला आहे, आपल्या 100 रुपयांचे 160 नेपाळी. कुणी दीडशे हातावर ठेवले तर राहिलेले दहा मागून घ्या.

परत आल्यावर उरलेल्या नोटा कपाटात पडतात. 2,000 डॉलरपर्यंतचं चलन जवळ ठेवता येतं, त्यावरचं 180 दिवसांत परत करावं लागतं. नाणी सहसा कुणी घेत नाही, ती तिकडंच चहापाण्यात संपवा.

लातूर, नांदेड, परभणी, बीड, जालना, हिंगोली, धाराशिव, यांपैकी कुठं पावती देऊन नीट भावानं चलन देणारी बँकेची शाखा किंवा परवानाधारक ठिकाण तुम्ही स्वतः वापरलं असेल, तर गाव आणि पत्ता खाली लिहा. मी ते सगळं एकत्र करून गावातल्या ग्रुपवर टाकतो.