‘सनद, रेरा नंबर, ५० मीटर’ : तीन कागदी कवचं

किनाऱ्यालगत फ्लॅट किंवा व्हिला बघणाऱ्यांच्या मोबाइलवर एक सल्ला फिरतोय : ‘गोव्यात सनद, रेरा नंबर आणि समुद्रापासून ५० मीटर एवढं बघा, बाकी वकिलांचे चोचले.’ तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत, म्हणून तर माणूस फसतो.

सनद जमीन महसूल संहितेच्या ३२व्या कलमाखाली मिळते आणि जमीन बिगरशेती वापरायला परवानगी आहे, एवढंच सांगते. जमीन कोणाची, याबद्दल ती गप्प. त्यासाठी एक-चौदाचा उतारा (गोव्यातला सातबारासारखा जमिनीच्या नोंदीचा कागद) काढा. कब्जेदाराचं नाव वाचून थांबू नका. कुळाचा रकाना आणि ‘इतर हक्क’ हे आधी बघा, मुंडकार, म्हणजे मालकाच्या संमतीने त्याच्या जमिनीवर घर करून राहणारा, तिथेच सापडतो. कुळाच्या मालकीची झालेली शेतजमीन शेतीखेरीज वापरायला १९९१च्या कायद्याने मनाई आहे.

गोव्याची खरी मेख मात्र पुढेच. इथल्या नागरी कायद्यानुसार लग्नाआधी वेगळा करार झालेला नसेल, तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक. उताऱ्यावर एकट्या भावाचं नाव असलं तरी विक्रीखतावर त्याच्या बायकोची सही हवी. वडील वारले असतील तर बहिणी आल्या, आणि त्यांच्यासोबत जावईही. दूर कुठे राहणाऱ्या एका जावयाची सही राहिली, की चार मजले उभे राहूनही मालकी लंगडी. म्हणून वारसा-दस्त किंवा इन्व्हेंटरीचा (कोर्टातल्या वारसा-वाटणीचा) निकाल मागा, आणि त्यातली नावं विक्रीखतावरच्या सह्यांशी एकेक करून जुळवा.

‘५० मीटर’ हा बांधकामबंदीच्या पट्ट्याचा आकडा २०१९च्या सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) अधिसूचनेतला. समुद्राकाठी तो फक्त २०११च्या जनगणनेनुसार चौरस किलोमीटरला २,१६१हून दाट वस्ती असलेल्या ग्रामीण भागासाठी आहे, तोही राज्याचा किनारा आराखडा त्या अधिसूचनेप्रमाणे मंजूर झाल्यावर. विरळ वस्तीच्या गावात २०० मीटरच. आणि मोजायचं भरतीरेषेपासून. ती आराखड्याच्या नकाशावर असते, दलालाच्या फोनवर नव्हे. त्यात नद्या विसरल्या जातात. शापोरा, मांडवी, झुआरी, साळ यांचं खारं पाणी बरंच आत शिरतं, तिथे नवा आराखडा मंजूर होईपर्यंत २०११च्या नियमांनी काठापासून १०० मीटर किंवा नदीच्या रुंदीइतकं, जे कमी असेल ते अंतर लागू होतं. समुद्र दिसतही नाही असा प्लॉट सीआरझेडमध्ये निघतो तो असा. खाजनात (खाऱ्या पाण्याला बांध घालून केलेल्या सखल जमिनीत) तर २०११च्या अधिसूचनेने विकासकामांना बंदीच घातली. भराव टाकून ‘सपाट प्लॉट’ केला म्हणून खाजन संपत नाही.

रेरा नंबर म्हणजे स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाकडच्या नोंदणीचा क्रमांक. थोडक्यात : ही नोंदणी बिल्डरच्याच कागदांवर आणि प्रतिज्ञापत्रावर होते, आणि ३० दिवसांत निर्णय झाला नाही तर ती झाली असंच मानलं जातं. त्यामुळे नंबर म्हणजे मालकीचा दाखला नव्हे. उपयोग वेगळा आहे : करार नोंदवण्याआधी बिल्डर १० टक्क्यांहून जास्त पैसे घेऊ शकत नाही. ‘बुकिंगला २५ टक्के’ म्हणणाऱ्याला रेरा कायद्याचं हे कलम १३ दाखवा.

संदेशात ऑक्युपन्सीचा, म्हणजे इमारतीत राहायला परवानगी देणाऱ्या दाखल्याचा, उल्लेखच नाही. नगरनियोजन खात्याचा पूर्णत्वाचा आदेश आणि पंचायतीचा ऑक्युपन्सी दाखला येण्याआधी चावी घेतली, तर बांधकामाच्या तात्पुरत्या वीजजोडणीवर राहायची वेळ येते. शेवटचा हप्ता त्या दाखल्याशी बांधून घ्या, करारातच.