हॉल मिळतो, हॉल उघडणारा माणूस मिळत नाही

सोलापुरात कुठल्याही वस्तीत चला, कुलूप लावलेलं एक तरी समाजमंदिर दाखवतो. बाहेर ग्रॅनाइटचा फलक, त्यावर 'अमुक यांच्या स्थानिक विकास निधीतून' आणि खाली मंडळाच्या पदाधिकाऱ्यांची नावं. फलक चकचकीत असतो, कारण तो कुणीतरी पुसतं. आत मांडवाचे बांबू, गेल्या मिरवणुकीचा फाटका फ्लेक्स आणि उंदीर. शेजारी ओपन जिम असेल तर सायकलचं एक पॅडल गेलेलं.

हे बघून लोक लगेच म्हणतात, खाल्ले पैसे. कुठे खाल्लेही असतील. पण मी टॉवेलच्या कारखान्यात दिवाणजी. दिवसभर मालकाचा हिशेब लिहितो आणि संध्याकाळी आसपासच्या मंडळांचे, बचत गटांचे कागद बघून देतो. ते कागद बघून माझं मत असं झालंय की हे हॉल बांधल्यावर बंद पडत नाहीत. ते अर्जातच बंद पडलेले असतात.

आधी एक गैरसमज काढून टाकू. 'साहेबांनी पंधरा लाख दिले' असं आपण सहज म्हणतो. साहेब पैसे देत नसतात, काम सुचवतात. खासदार निधी १९९३ पासून आहे, आता वर्षाला ५ कोटी. आमदार निधीही आता वर्षाला ५ कोटी. दोन्हींत पत्र साहेबांचं, मंजुरी जिल्हा प्रशासनाची आणि काम महापालिका किंवा बांधकाम खात्यासारख्या यंत्रणेचं. अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, मग मोजमाप पुस्तिकेत नोंद आणि तिच्यावर बिल. मंडळाच्या खात्यात दमडी येत नाही. ते बरंच आहे म्हणतो मी.

आता यातली मेख. हा पैसा टिकाऊ मालमत्तेसाठी असतो. विटा, सिमेंट, पेव्हर ब्लॉक चालतात. महिन्याच्या महिन्याला येणारा खर्च चालत नाही. देवळासाठीही चालत नाही, तरी दरवर्षी कुणीतरी सभामंडपाचा अर्ज घेऊन येतंच आणि वर म्हणतं, "सांस्कृतिक भवन म्हणू की हो, कोण बघतंय?" बघतात हो, ऑडिटवाले बघतात.

खेड्यातही तेच. पंधराव्या वित्त आयोगाचा २०२१-२६ चा निधी ग्रामपंचायतीच्या थेट खात्यात आला, पण त्यातला ६० टक्के बंधित होता, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठीच. उरलेला ४० टक्के गावाच्या गरजेप्रमाणे वापरायचा होता, फक्त पगार आणि आस्थापना खर्च सोडून. कंपन्यांच्या सीएसआरमधून, म्हणजे नफ्यातून समाजकामासाठी काढलेल्या पैशातून, माणसाचा पगार निघू शकतो, पण प्रकल्प चालू असेपर्यंत. प्रकल्प संपला की त्या माणसाला कोण विचारतो?

थोडक्यात, वस्तूला पैसा आहे, माणसाला नाही. आणि आपण हे इतकं अंगवळणी पाडून घेतलंय की गरजच वस्तूच्या आकाराची करून सांगतो. आमच्या पूर्व भागातलं उदाहरण घ्या. एका खोलीत आई विडी वळते, तिथेच स्वयंपाक, तिथेच टीव्ही आणि भिंतीपलीकडे मागाचा खडखडाट. त्या घरातल्या दहावीच्या पोरीला हवं काय? एक शांत खोली, दोन पंखे आणि रात्री दहापर्यंत दार उघडं ठेवणारं एक भरवशाचं माणूस. शक्यतो बाई, म्हणजे घरचे पोरीला पाठवतील. अर्जावर मात्र येतं 'अभ्यासिका इमारत बांधणे'. भरवशाची बाई अर्जात कुठेच नसते. अर्जासोबत देखभालीचं हमीपत्र जातं, त्यावर अध्यक्ष उभ्या उभ्या सही ठोकतात. वीजबिल कोण भरणार, हे त्या कागदावर स्वच्छ लिहिलेलं असतं. वाचत कुणीच नाही.

म्हणून माझ्याकडे अर्ज घेऊन येणाऱ्याला मी पहिला प्रश्न हाच विचारतो, किल्ली कुणाकडे राहणार? मुलं वैतागतात. त्यांना प्रपोजल हवं असतं, चार रंगीत फोटो घालून. टक्केवारीवर प्रपोजल लिहून देणारे शहरात फिरतायत, त्यांच्याकडे जावं. एक मात्र सांगतो, जो मंजूर रकमेवर टक्का घेतो तो तुम्हाला कमी रक्कम मागायचा सल्ला कधीच देणार नाही. आणि बऱ्याच वेळा कमी मागणं हाच बरा सल्ला असतो.

मग माणसाचा पैसा आणायचा कुठून? माझं उत्तर कुणाला आवडत नाही, पण सांगतो. वर्गणीतून. गणपती, शिवजयंती, आंबेडकर जयंती, नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथ, सोलापुरात वर्गणी मागायचं आणि द्यायचं कसब पिढ्यान्‌पिढ्यांचं आहे. लेझीमचे ताफे, ट्रॅक्टर, लायटिंग, सगळं त्यावर उभं राहतं. याच गल्लीत शंभर घरं महिन्याला पन्नास रुपये देतील तर पाच हजार होतात. त्यात वीजबिल सुटतं आणि संध्याकाळी चार तास बसणाऱ्या बाईला मानधनही मिळतं. "मिरवणुकीला देतात हो लोक, असल्याला देत नाहीत," असं मला सांगतात. मागून बघितलंय का, विचारलं की गप्प. हां, नोंदणी नसलेल्या मंडळाने वर्गणी मागायची तर धर्मादाय कार्यालयाची ४१ क खालची परवानगी लागते. गणपतीला काढता ना, तशीच.

शंभर घरं वर्गणी द्यायला तयार नसतील तर तिथे अभ्यासिकेची गरज नाही, किंवा मागणाऱ्यांवर विश्वास नाही. दोन्हींपैकी काही असलं तरी इमारत मागू नये.

विश्वासाचा विषय निघाला म्हणून बायकांबद्दल. हजार विड्या वळून, मोजून टोपलीत नेणारी आणि त्यातल्या किती छाटल्या हे तोंडपाठ सांगणारी बाई हिशेबात कच्ची असेल, असं मंडळातल्या बाप्यांना का वाटतं मला कळत नाही. बचत गटाची वही बघा. बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, लेखन, सगळं तारीखवार. फिरता निधी, म्हणजे गटातच कर्जाऊ फिरवायचा सरकारी पैसा, मिळाला तरी तो कुणाकुणाकडे फिरला याचा माग लागतो. मंडळाची वही मागितली तर खजिनदार म्हणतो घरी आहे, घरी गेलं तर म्हणतो भावाकडे आहे.

नोंदणीकृत संस्थांचं दुखणं आणखी निराळं. सीएसआरसाठी कंपनी कागद मागते. १२ए आणि ८०जी ही आयकर सवलतीची प्रमाणपत्रं, तीन वर्षांची ऑडिटं आणि १ एप्रिल २०२१ पासून सक्तीची झालेली सीएसआर-१ ची नोंदणी. हे सगळं जमवता येतं. गाडी अडते ती धर्मादाय कार्यालयातल्या शेड्यूल वनवर, म्हणजे विश्वस्तांची नावं असलेल्या नोंदीवर. उतारा काढला की कळतं, कागदावरच्या सात विश्वस्तांपैकी तीन केव्हाच वारले, एक पुण्याला लेकाकडे आणि सध्याच्या अध्यक्षांचं नावच नाही! विश्वस्त बदलला की ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो. तो वर्षानुवर्षं दिलेला नसतो आणि आता सीएसआरची मुदत पुढच्या आठवड्यात. उशीर माफ करायचा अर्ज, वारलेल्यांचे मृत्यू दाखले, ठरावाच्या प्रती, कुणाच्या तरी नातवाला गाठून सह्या. त्यात कंपनीचं आर्थिक वर्ष सरतं. संस्था चालवणाऱ्यांनी आजच उतारा काढून बघा, अनुदान मागायचं असो वा नसो.

पैसे आल्यावर काय करायचं त्यात मोठी विद्या नाही. त्या अनुदानाचं खातं वेगळं ठेवा. तीन ठिकाणची दरपत्रकं घ्या, पक्कं बिल घ्या, खुर्ची आली की त्याच दिवशी जडसंग्रह नोंदवहीत, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या वहीत, चढवा. पैसा ठरल्या कामालाच लागला असं सांगणारं उपयोगिता प्रमाणपत्र मागितल्यावर तयार करायला बसू नका. सरकारचाही दोष आहेच. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात पैसा सोडायचा आणि ३१ तारखेच्या आत खर्च दाखवा म्हणायचं, मग लोक बिलं गोळा करत सुटणार नाहीत तर काय?

आमच्या गल्लीतल्या मुलांनी यंदा हॉलचा अर्ज मागे ठेवलाय. एकाच्या घरची समोरची खोली भाड्याने घेतलीय, वर्गणीचं पावतीपुस्तक छापलंय आणि किल्ली बचत गटाच्या एका अक्कांकडे आहे. एका कंपनीकडे टेबल, खुर्च्या, पुस्तकं आणि इन्व्हर्टर मागायचं ठरलंय. मागणीची रक्कम ऐकून एक कार्यकर्ता हसला, म्हणाला, "एवढ्याचा फलक तरी कुठे लावणार?" पोरांना अजून थोडं वाईट वाटतंय. पण पावतीपुस्तकाची पहिली पानं भरली आहेत आणि अक्का उशिरा, आठ वाजता येणाऱ्यांना आत घेत नाहीत, अशी तक्रार माझ्यापर्यंत आलीय.